उद्दिष्ट क्रमांक तीन

आराखडा परत आला, तिसऱ्यांदा.
शेरे आता लाल शाईत नसतात.
पडद्याच्या उजव्या कडेला निळी चौकट, अतिशय नम्र:
'उद्दिष्ट क्रमांक तीन मोजता येण्याजोगे नाही. कृपया सुधारावे.'
खाली नाव: एम. प्रुइट, शाळा सुधार कक्ष, राजधानी.

मी ब्रायर फोर्कच्या शाळेत कारकून, एकवीस वर्षं.
केंटकीच्या या डोंगरात
दाखले, उवांचं औषध, हरवलेल्या किल्ल्या
आणि दर ऑक्टोबरात हा आराखडा
माझ्याच बोटांखालून जातो.
उद्दिष्ट एक, वाचन: त्रेचाळीस टक्क्यांवरून पंचावन्न. मंजूर.
उद्दिष्ट दोन, गणित: किरकोळ दुरुस्तीनंतर मंजूर.
तीनमध्ये आम्ही लिहिलं होतं,
मुलांना इथे थांबावंसं वाटावं.

समिती पुन्हा बसली, पहिलीच्या वर्गात,
बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी.
मुख्याध्यापक औस्ली, स्वयंपाकघरातली व्हेस्टा,
बस चालवणारा होबार्ट,
आणि एक बाप, पाळी संपवून तसाच आलेला,
पापण्यांच्या कडांना कोळसा,
काजळ घातल्यासारखा.

औस्ली म्हणाले, 'वाटावं' काढून टाकू.
राज्याला ते क्रियापद चालत नाही.
मग काय चालतं? व्हेस्टा.
'वाढेल' चालतं. 'घटेल' चालतं. 'मे अखेर' तर फारच चालतं.
बाप म्हणाला, आम्हालाही टनांतच मोजतात,
आणि पुढे काही बोलला नाही.
होबार्ट म्हणाला, शेवटच्या थांब्यावर मी दार उघडतो,
तरी दोघं-तिघं उतरत नाहीत.
म्हणतात, आणखी एक चक्कर मार ना.
हे कुठल्या रकान्यात घालू?

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला, भांडायलाच.
काय काय बोलायचं ते पाकिटामागे लिहून ठेवलं होतं.
पलीकडे सर्दीने बसलेला आवाज.
प्रुइट म्हणाली, बाई, तुमचा सत्त्याण्णवावा.
एवढ्यांत हे एकच वाक्य मी दोनदा वाचलं.
पण तसंच पुढे पाठवलं
तर माझ्या वरचे ते माझ्याकडे परत पाठवतील.
मला एक आकडा द्या.
लहान चालेल. खरा हवा.

पाकीट मी उलटं करून ठेवलं.

मग आकडा शोधत इमारतभर फिरले.
चार वाजता, घंटा होऊन तास उलटल्यावर,
ग्रंथालयात पाच, व्यायामशाळेत चार,
व्हेस्टाच्या ओट्यापाशी मटार सोलत दोन.
लिहिलं: 'चार वाजता इमारतीत असलेली मुले, सध्या अकरा.
मे अखेर तीस.'
चौथ्या दिवशी हिरवी खूण आली. मंजूर.
सोबत तळटीप:
'केवळ नोंदणीकृत उपक्रमांतील मुले धरावीत.'

आता प्रश्न ओपलचा.
ती कुठल्याच उपक्रमात नाही.
रोज बसपर्यंत जाते आणि परत येते,
हातमोजा राहिला म्हणून.
कधी डावा, कधी उजवा.
सापडलेल्या वस्तूंच्या पेटीत तिचे मोजे मी पाहिलेत,
तिनेच तळाशी खुपसलेले, नीट घडी करून.
मग ती सावकाश शोधते, पावणेपाचपर्यंत.
होबार्ट दुसऱ्या फेरीला तिला घेऊन जातो, काही न विचारता.

तिला नुसतं बसवून ठेवता येईना,
आणि नोंदवायला घरून सही लागते.
ती कागदावर येत नाही. का, ते मला ठाऊक आहे,
इथे लिहीत नाही.

म्हणून तिच्या हातात वही दिली.
म्हटलं, चार वाजले की मोजून ये.
गेली. दारादारांतून डोकावली,
ओठ हलवत, पेन्सिल कानामागे,
एखाद्या तपासनिसाच्या तोऱ्यात.
परत येऊन म्हणाली, अकरा.
नीट मोजलंस?
दोनदा.

मी अकरा टाकले आणि राजधानीला पाठवून दिले.
हातमोजे दोन्ही तिच्या खिशात होते.
ती खुर्ची ओढून बसली,
उद्याच्या पानावर रेघा मारायला.